गोवराची आठवण

१८४६ साली फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीत ६,००० माणसे आजारी पडली. डॅनिश डॉक्टर पानुम गावोगाव फिरले. १७८१ च्या साथीत गोवर निघालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. ६५ वर्षांची ही आठवण राहते कुठे?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत. त्यांतली एकेक 'बी' पेशी जंतूचा एकच आकार ओळखते. ओळख पटली की तिच्यासारख्या हजारो तयार होतात, प्रतिपिंडे सोडतात. आजार सरला की बहुतेक मरतात. थोड्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. लस हीच ओळख आजाराविना करून देते.

'लहानपणी गोवर निघालेला बरा,' असे घरातली वडीलधारी म्हणतात. ते खरे नाही. लस न घेतलेल्या मुलांचे रक्त नेदरलँडमध्ये तपासले गेले. गोवराने इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे पुसून टाकल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. अंगाऱ्याने ती परत येत नाहीत! २०२२ साली मुंबईत, गोवंडी भागात, साथीत मुले दगावली.

मातांनो, पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत; सरकारी दवाखान्यात फुकट. तारीख चुकली असली तरी बाळाला घेऊन जा.