पिकाचें छायाचित्र : तें कसें सांठवावें व कसें पाठवावें

रोगट पानाचें छायाचित्र मोबाइलवर काढून तें तज्ज्ञांकडे पाठविण्याची वहिवाट आतां गांवोगांव पडली आहे, व ती चांगलीच आहे. परंतु पाठविलेलें चित्र मुळाबरहुकूमच पोंचतें अशी जी समजूत आढळते ती खरी नाहीं, आणि तिच्यापायीं होणारें नुकसान शेतकऱ्याच्या पदरीं पडतें. म्हणून या विषयाचें थोडें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोबाइलमधील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी होय. आडवे ४००० व उभे ३००० ठिपके धरल्यास ते १ कोटी २० लक्ष होतात, आणि प्रत्येकाच्या रंगास सामान्यतः तीन बाइट लागतात. म्हणजे एका पानाच्या चित्रास सुमारें ३६ मेगाबाइट जागा पाहिजे. एवढें ओझें वागविणें सोयीचें नसल्यामुळें चित्र दाबून लहान करावें लागतें.

हें दाबणें दोन प्रकारचें असतें. एक कापसाच्या गांठीसारखें : गांठ सोडली कीं कापूस वजनांत तितकाच भरतो. १९९६ सालीं निघालेली पीएनजी ही पद्धति या जातीची. दुसरें उपणणीसारखें, म्हणजे अनावश्यक वाटेल तें वाऱ्यावर सोडून देणारें. १९९२ सालीं मान्य झालेली जेपेग पद्धति ही अशी आहे. ती चित्राचे आठ ठिपके लांब व आठ रुंद असे चौकोन पाडते, आणि प्रत्येकांतील जे बारीक फरक डोळ्यास सहसा जाणवत नाहींत ते ढोबळ करून टाकते. उजेडापेक्षां रंगाची नोंदही ती बहुधा विरळच ठेवते. या मागील गणिती युक्ति मूळचे बंगलोरचे नासिर अहमद व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केली होती, हें येथें सांगण्यास आम्हांस संतोष वाटतो.

एकदां उपणल्यानें भुसा जातो. पुन्हां पुन्हां उपणल्यास हलका दाणाही जातो. चित्र उघडून, कांहीं फेरफार करून, पुन्हां जेपेगमध्यें सांठविलें कीं दर खेपेस थोडा तपशील गळतो. (नुसती नक्कल केल्यानें मात्र कांहीं गळत नाहीं.) निरोपाच्या व्हॉट्सॲपसारख्या साधनांतून चित्र साध्या रीतीनें धाडल्यास तें साधनच त्याचे ठिपके कमी करून त्यास आणखी दाबतें. आतां द्राक्षाचा केवडा घ्या. आरंभीं पानावर तेलकट पिवळसर डाग असतात, त्यांच्या कडा पुसट असतात, आणि पाठीमागें पांढरी बुरशी येते. हा पुसट रंगभेद व ती विरळ बुरशी हाच पहिला भुसा ठरतो! मग केवडा कीं भुरी हें पाहणाऱ्यास नीट कळत नाहीं, आणि चुकीच्या फवारणीचा खर्च बागाईतदाराच्या माथीं बसतो. यास्तव असें चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें, म्हणजे तें जसेंच्या तसें पोंचतें. पानाच्या दोन्ही बाजू घ्याव्या व शेजारीं मोजपट्टी ठेवावी.

जेपेगचें पीएनजी केल्यानें गेलेला तपशील परत येत नाहीं. चित्र मात्र फुगतें. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारख्या अक्षरांच्या कागदास पीएनजी उत्तम, कारण जेपेग फार दाबल्यास अक्षरांभोंवतीं धूसर ठिपके उठतात.

डागाभोंवतीं तांबडें वर्तुळ काढण्याची, बाण दाखविण्याची चाल उपयुक्त आहे. पण ही खूण जेपेगमध्यें सांठविली कीं ती चित्राशीं एकजीव होते व तिच्याखालचा भाग कायमचा झांकला जातो. आणि तो भाग बहुधा डागाची कडच असते. खुणा नकलेवर कराव्या, मुळास हात लावूं नये. प्रयोगशाळांत वापरली जाणारी इमेजजे ही फुकट मिळणारी प्रणाली खुणांचा निराळा थर ठेवते. टिफ पद्धतीनें सांठविल्यास तो थर चित्राबरोबर राहतो, व पाहिजे तेव्हां लपवितां येतो.

मूळ चित्राच्या पोटांत दिनांक व वेळ, आणि स्थाननोंदणी चालूं असल्यास जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. साध्या रीतीनें धाडलेल्या चित्रांतून ही नोंद बहुधा पुसली जाते. पिकाच्या नुकसानीबाबत पुढें कधीं पुरावा देण्याचा प्रसंग आल्यास तीच नोंद उपयोगीं पडते; तेव्हां पाठविल्यावरही मूळ चित्र काढून टाकूं नये, व त्याची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी.