ऑफ-रोडला जाताय? बंपर जपा, पण लोखंडी गार्ड नको!

डिसेंबरच्या सुट्टीत दादा, वहिनी आणि माझी सात वर्षांची पुतणी पुरुलियाच्या अयोध्या पहाडाकडे गेले होते. दादाची नोकरी कोलकात्यात, पण त्याची लाडकी थार मात्र नाशिकहून आणलेली. परत आले तेव्हा तिघेही खूश होते. गाडीचा पुढचा बंपर तेवढा खालून फाटला होता. एका कोरड्या नाल्यात गाडी ब्रेक दाबत सरळ उतरवली, नाक खाली झुकलं आणि बंपर समोरच्या काठावर आपटला.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे मल्लिकबाजारात गेलो. गाड्यांच्या जुन्या-नव्या सुट्या भागांसाठी कोलकात्यात हीच जागा प्रसिद्ध आहे. एका दुकानदाराने बंपर पाहिला आणि म्हणाला, "दादा, लोखंडी गार्ड बसवून टाका. परत बंपरला काही होणार नाही."

दुकानाबाहेर असाच एक गार्ड एका मोठ्या गाडीला बसवलेला होता. पुतणी सहज त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. वरचा जाड पाइप बरोबर तिच्या गळ्यापाशी येत होता. वहिनीने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "अहो, हे रस्त्यात कुणाच्या पोराला लागलं तर?"

आम्ही गार्ड न घेताच घरी आलो. पण प्रश्न उरलाच: डोंगरात, नाल्यात, चिखलात गाडी न्यायची हौस आहे, मग बंपर वाचवायचा कसा? त्यासाठी मी बरंच वाचलं, चार जाणत्यांना विचारलं. तेच आज तुमच्यासाठी.

आधी बंपर म्हणजे काय ते पाहू

बाहेरून दिसतं ते फक्त प्लास्टिकचं कव्हर असतं. बऱ्याच आधुनिक गाड्यांत त्याच्या आत फोमचा थर असतो आणि त्यामागे धातूची आडवी पट्टी. ही पट्टी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. धडक बसली की कव्हर वाकतं, फोम दबतो, पट्टी चेपते आणि धक्क्याचा जोर वाटेतच कमी होतो. म्हणजे बंपर तुटतो तेव्हा तो आपलं कामच करत असतो.

आता तर बंपरमध्ये फॉग लॅम्प आणि सेन्सरही असतात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर आणि चालकाची एअरबॅग बंधनकारक झाली. त्यामुळे बंपर खराब होणं म्हणजे नुसता रंग उडणं नाही, हे लक्षात ठेवा.

लोखंडी गार्ड का नको?

पहिलं कारण, रस्त्यावरची माणसं. प्लास्टिकचं कव्हर माणसाला लागलं तर थोडं तरी दबतं. लोखंडी पाइप दबत नाही. तो सगळा मार पायी चालणाऱ्याच्या, सायकलवाल्याच्या किंवा लहान मुलाच्या अंगावर जातो.

दुसरं कारण, गाडीत बसलेली माणसं. गार्ड थेट सांगाड्याला घट्ट बसवला की धक्का वाटेत न जिरता आत पोहोचतो. एअरबॅगचे सेन्सर धडकेचा जोर ओळखून काम करतात. पुढे भलतंच लोखंड आलं की एअरबॅग योग्य क्षणी उघडेलच याची खात्री राहत नाही.

तिसरं कारण, कायदा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र लिहून असे क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणाऱ्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही.

आणि गंमत म्हणजे, ऑफ-रोडला या गार्डचा उपयोगही फारसा होत नाही. गार्ड बंपरच्या पुढे आला, म्हणजे गाडीचं नाक आणखी लांब झालं. नाल्यात उतरताना तेच आधी टेकणार. शिवाय पुढच्या चाकांवर वजन वाढतं ते वेगळंच.

बंपर का आपटतो? कोनांचं सोपं गणित

फोर-बाय-फोर गाडीच्या माहितीपत्रकात तीन कोन दिलेले असतात. आपण सहसा ते वाचत नाही, पण बंपरचं नशीब तिथेच लिहिलेलं असतं.

• पुढचा कोन: पुढचं चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत रेषा काढा. ती जमिनीशी करते तो हा कोन. चढ याहून उभा असेल तर चाक चढण्याआधी बंपर टेकतो.

• मागचा कोन: हेच गणित मागच्या चाकाचं आणि मागच्या बंपरचं. उतार संपताना किंवा खड्ड्यातून बाहेर पडताना हा महत्त्वाचा.

• मधला कोन: उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट टेकणार की नाही, हे सांगणारा.

२०२० मध्ये आलेल्या थारचा पुढचा कोन सुमारे ४१ अंश आहे. फोर्स गुरखाचा पुढचा ३९ आणि मागचा ३७ अंश. पाच दरवाजांच्या जिम्नीचा पुढचा ३६, पण मागचा तब्बल ५० अंश. म्हणजे जिम्नीवाल्याने पुढे जास्त जपायचं.

पण हे आकडे कंपनीच्या मूळ टायरवर उभ्या असलेल्या गाडीचे. मागे बॅगा, पाण्याचे कॅन आणि तीन माणसं बसली की गाडी मागून दबते आणि मागचा कोन कमी होतो. म्हणून अवघड जागा आली की घरच्यांना खाली उतरवा. मुलांनाही मजा येते आणि गाडीही हलकी होते. मात्र सगळ्यांना गाडीपासून दूर, एका बाजूला, चालकाला दिसतील असं उभं करा.

संदकफूच्या जुन्या लँड रोव्हर काय शिकवतात?

ऑफ-रोड म्हटलं की आपल्याला सह्याद्रीतल्या वाटा आठवतात. पण आमच्या पश्चिम बंगालमध्येही एक भन्नाट वाट आहे. दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मानेभंज्यांगपासून संदकफूपर्यंतची. अंतर सुमारे ३१ किलोमीटर, आणि संदकफूची उंची ३,६३६ मीटर, राज्यातली सर्वांत जास्त. या वाटेवर १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर अनेक दशकं पर्यटकांना आणि सामानाला वर नेत आल्या. आता वाटेचा बराच भाग सिमेंटचा झाला आहे, बोलेरोही धावतात, पण दगडगोट्यांचे चढ या जुन्या गाड्यांनीच गाजवले.

त्या गाडीचा पुढचा बंपर म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली पोलादाची सरळ पट्टी. बाकी बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, कारण १९४८ मध्ये लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. मग असा बंपर टिकला तो लोखंडामुळेच ना? तेवढ्यामुळेच नाही. या गाडीची पुढची चाकं अगदी टोकाशी आहेत, त्यामुळे दगडावर आधी चाक चढतं. आणि दुसरं म्हणजे वेग. या वाटेवरचे चालक ३१ किलोमीटरला काही तास घेतात. प्रत्येक वळण, प्रत्येक दगड त्यांना पाठ असतो.

पोलादाची पट्टी आपण उसनी घेऊ नये, पण त्यांची सवय जरूर घ्यावी.

गाडी चालवताना हे लक्षात ठेवा

१. आधी पायी चाला. गाडी थांबवा, उतरा, वाट पाहून या. नाला किती खोल आहे, पलीकडचा काठ किती उभा आहे, गवताखाली दगड किंवा बुंधा लपलाय का, ते बघा. पाच मिनिटं लागतात, पण बंपर वाचतो.

२. एक माणूस बाहेर ठेवा. गाडीच्या थेट समोर नाही, तर थोडा बाजूला आणि लांब. हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या. सगळ्यांनी एकदम ओरडायचं नाही, खूण एकाचीच पाळायची.

३. फोर लो वापरा. या गिअरमध्ये गाडी हळू आणि ताकदीने जाते. उतारावर इंजिन गाडीला रोखून धरतं.

४. खड्ड्यात चाक पडताना ब्रेक करकचून दाबू नका. ब्रेक दाबला की गाडीचं नाक झुकतं आणि बंपर टेकतो. आमच्या दादाची हीच चूक झाली.

५. उथळ नाला किंचित तिरका ओलांडा. एकेक चाक उतरतं, त्यामुळे बंपर टेकत नाही. पण उभ्या डोंगरउतारावर तिरकं जाऊ नका, गाडी कलंडू शकते. तिथे सरळच उतरायचं.

६. मोठा दगड आला तर त्याला दोन चाकांच्या मधे घेण्यापेक्षा त्यावर चाक चढवा. चाकाबरोबर गाडी वर उचलली जाते.

७. पुढे जमेल असं वाटत नसेल तर मागे फिरा. यात कमीपणा काहीच नाही.

पाणी आणि चिखल: न दिसणारे शत्रू

थार साधारण ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. पण हा आकडा हळू चालवण्यासाठी आहे. जोरात पाण्यात शिरलं की पाणी भिंतीसारखं आदळतं आणि बंपरच्या क्लिपा निघतात, नंबर प्लेट वाहून जाते. माणूस चालतो तेवढ्याच वेगाने पाण्यात उतरा. पाणी वाहतं असेल किंवा तळ दिसत नसेल तर जाऊच नका.

चिखलात गाडी रुतली की आपण घाईने रिव्हर्स टाकतो. चिखल बंपरची खालची कड धरून ठेवतो आणि गाडी मागे गेली की कव्हर पुढेच राहतं! आधी फावड्याने बंपरपुढचा चिखल मोकळा करा, मग हळूच मागे घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ओढायची दोरी कधीही बंपरला बांधू नका. ती सांगाड्याला जोडलेल्या टो हुकलाच लावायची. दोरी ताणलेली असताना मुलांना तिच्या आसपास फिरकू देऊ नका. तुटलेली दोरी किंवा सुटलेला हुक जीवघेणा ठरू शकतो.

घरी आल्यावर

गाडी धुतल्यावर खाली वाकून बघा. लोंबणाऱ्या क्लिपा, सैल स्क्रू, नंबर प्लेट, फॉग लॅम्प, सेन्सरवरचा चिखल, सगळं तपासा. काळ्या खरखरीत प्लास्टिकवरचे ओरखडे सोडून दिले तरी चालतात. रंगवलेला भाग असेल तर पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म लावता येते. दगड-फांद्यांचे छोटे ओरखडे ती झेलते. कव्हरला छोटी चीर गेली तर प्लास्टिक वेल्डिंग होतं, नवा बंपर लागेलच असं नाही. पण आतली धातूची पट्टी वाकली असेल तर ती बदलूनच घ्या.

विम्याचंही बघून ठेवा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे भागाच्या निम्म्या किमतीचा भार आपल्यावर. झीरो डेप्रिसिएशन घेतलं असेल तर हा भार बराच कमी होतो. छोट्या कामासाठी दावा करण्याआधी नो क्लेम बोनसचा हिशोब करा. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो. एका दाव्यात तो जाऊ शकतो. आयोजित शर्यतीत झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

दादाने शेवटी प्लास्टिक वेल्डिंग करून घेतलं. बंपरवर एक रेघ राहिली आहे. पुतणी तिला "गाडीचे टाके" म्हणते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवते. दादा आता नाला दिसला की आधी उतरतो आणि पायी चालून बघून येतो.

तुम्हीही पुढच्या सहलीला निघण्याआधी गाडीच्या माहितीपत्रकातले ते तीन कोन एकदा वाचा. बंपरला चार ओरखडे आले तरी चालतील. घरचे आणि रस्त्यावरचे सगळे सुखरूप राहिले पाहिजेत.