गुणगौरवाच्या यादीत नसलेली मुले आणि विहारातला संध्याकाळचा वर्ग

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरव सोहळ्यांचे फलक झळकू लागतात. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलामुलींचा सत्कार होतो, संविधानाची प्रत भेट दिली जाते. हे व्हायलाच हवे. पण त्याच गल्लीत कोणी गणितात राहिलेले असते, कोणी चाळीस टक्क्यांवर अडकलेले असते, तर कोणी नववीतच शाळा सोडून केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जाऊ लागलेले असते. त्यांच्या घरी त्या दिवशी कुणी जात नाही.

आम्ही शहरी वस्त्यांमध्ये नववी ते बारावीच्या मुलामुलींसोबत काम करतो. या कामातून आमचे एक मत पक्के झाले आहे. आपल्या समाजाची मदत निकालानंतर सुरू होते. ती नववीच्या जून महिन्यात सुरू व्हायला हवी. आणि या मदतीत शिकवणीइतकेच कागदपत्रांचे आणि प्रवेशाचे काम महत्त्वाचे आहे. हे कसे करायचे, ते या लेखात मांडत आहोत.

२८२ गुणांचा विद्यार्थी

१९०७ मध्ये बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे साधारण अडतीस टक्के. त्या काळच्या गुणांची आजच्या गुणांशी तुलना करता येत नाही, आणि अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच तेव्हा मोठी घटना होती. त्यासाठी सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारही झाला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

या प्रसंगातील पुस्तक आपल्या लक्षात राहते, पण केळूसकर गुरुजींचे काम त्याहून मोठे होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी सत्काराच्या आधीपासून चौकशी केली होती, त्याला पुस्तके सुचवली होती. पुढे कॉलेजचा खर्च झेपेनासा झाला, तेव्हा त्यांनीच महाराजा सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. सत्काराच्या आधी आणि सत्काराच्या नंतर सोबत असलेला माणूस, हे केळूसकरांचे खरे योगदान.

बाबासाहेबांनी स्वतः पुढे हेच काम संस्थेच्या रूपात उभे केले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना येता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. मुलगा कुठे राहतो, किती वाजता मोकळा होतो, पैसा कुठून आणतो, हे प्रश्न त्यांनी शिक्षणाचेच प्रश्न मानले.

घसरण नववीतच का होते?

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत आहे. नववीपासून मोफत शिक्षणाचा तो कायदेशीर आधार संपतो. त्याच वेळी अभ्यास अवघड होतो. सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून असते. घरी ते समजावणारे कुणी नसते. काही शाळा दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच थांबवतात किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगतात. आणि याच वयात मुलाच्या हाताला रोजंदारी मिळू लागते, तर मुलीवर घरकाम आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी येते.

१४ ते १८ वयोगटाच्या २०२३ सालच्या 'असर' पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचे गणित निम्म्याहून कमी, ४३.३ टक्के मुलांना जमले. ही पाहणी देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांची होती, पण शहरी वस्तीतल्या वर्गातही आम्हाला हेच दिसते. नववीचे मूल बीजगणितात अडत नाही. ते अपूर्णांकात अडलेले असते. वरून बीजगणित शिकवत राहिलो तर त्याला फक्त आपण 'ढ' आहोत एवढेच कळते.

कोणाकडे लक्ष द्यायचे, याच्या काही खुणा:

- आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडते, विशेषतः लग्नसराईत किंवा बाजाराच्या दिवशी.
- सहामाहीत गणित किंवा इंग्रजी राहिलेले आहे.
- घरात आजारपण, वडिलांचे व्यसन, आईचे काम सुटणे किंवा घर पाडल्याने स्थलांतर झाले आहे.
- मुलीसाठी स्थळे बघण्याची भाषा सुरू झाली आहे.
- मूल स्वतः म्हणते, "शिकून काय होणारेय?"

यातल्या दोन गोष्टी दिसल्या तरी त्या घरी जाऊन बसावे. भाषण न देता ऐकून घ्यावे.

दोन तासांचा वर्ग कसा असावा?

अनेक ठिकाणी विहारात अभ्यासिका आहेत. टेबल, दिवे, पंखे आहेत. पण तिथे बहुधा स्पर्धा परीक्षा देणारी मोठी मुले बसतात. ज्याला अभ्यास कसा करायचा हेच ठाऊक नाही, त्या नववीच्या मुलाला शांत खोली पुरत नाही. त्याला शेजारी बसून समजावणारा दादा किंवा ताई लागते.

पहिल्या आठवड्यात चाचणी घ्यावी, पण गुण जाहीर करू नयेत. मराठी उतारा वाचणे, चार ओळी लिहिणे, भागाकार, अपूर्णांक, टक्केवारी, साधे इंग्रजी वाक्य, एवढे पुरे. त्यावरून इयत्तेनुसार न बसवता पातळीनुसार गट करावेत. रोज अर्धा तास पाया पक्का करण्याचा, एक तास शाळेत चालू असलेल्या धड्याचा आणि शेवटचा अर्धा तास स्वतः लिहिण्याचा. दहावीला गणिताच्या दोन भागांचे प्रत्येकी ४० गुण लेखी परीक्षेला असतात आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. हे २० गुण वह्या, गृहपाठ यांवर अवलंबून असतात. शाळा बुडवणारे मूल हेच हातचे गुण घालवते, म्हणून वह्या पूर्ण करून घेणे हेही वर्गाचेच काम आहे.

वेळ वस्तीला विचारून ठरवावी. सहा ते आठ ही वेळ कागदावर चांगली दिसते, पण त्याच वेळी नळाला पाणी येत असेल तर मुली येणार नाहीत. मुलींना घरापर्यंत सोडायला कोण जाणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असावे. वर्गात कायम दोन प्रौढ असावेत आणि त्यातली एक स्त्री असावी. पालकांचा विश्वास यावरच टिकतो.

आणखी एक गोष्ट. वर्ग विहारात असला तरी तो वस्तीतल्या प्रत्येक मुलासाठी असावा. मातंग, मुस्लिम, भटक्या-विमुक्त समाजातील मूलही त्याच सतरंजीवर बसावे. मैत्री आणि करुणा हे शब्द मुलांना तिथेच कळतात.

कागद: दाराशी अडणारी मुले

चांगले गुण मिळवूनही प्रवेश हुकलेली मुले आम्ही दरवर्षी पाहतो. बहुतेक वेळा कारण एकच: कागद वेळेत तयार नव्हते. आपल्या समाजात हा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

अनेक मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'बौद्ध' अशी नोंद असते. बौद्ध हा आपला धर्म आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या, पण जातीचा दाखला काढताना मूळ जातीचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख धरली जाते. त्याआधीची वडील, आजोबा, पणजोबा यांच्यापैकी कुणाची तरी शाळेच्या रजिस्टरमधील किंवा महसुली दप्तरातील नोंद शोधावी लागते. कुटुंब त्या तारखेला जिथले रहिवासी होते, तिथल्या प्रांत कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या वस्तीतील मुलासाठी मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या तालुक्याला खेप आलीच. हे काम जूनमध्ये, प्रवेशाच्या धावपळीत होत नाही. ते नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत, गावी गेल्यावर करायचे असते.

दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी वैधता लागते. त्यासाठी बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. वडील, सख्खे काका किंवा आत्या यांच्यापैकी कुणाची वैधता असेल तर ती जोडावी. काम सोपे होते.

याशिवाय प्रत्येक मुलाच्या नावाची एक फाइल करावी:

- आधार, शाळेचा दाखला आणि बँक खाते, तिन्हीवर नाव व जन्मतारीख सारखी आहे का?
- बँक खाते आधारशी जोडलेले आहे का? शिष्यवृत्ती थेट खात्यात येते.
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्या वर्षाचा आहे का?
- वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र काढले आहे का?

अर्जाची तारीख निकालाच्या आधी असते

पालकांना वाटते, आधी निकाल लागू दे, मग बघू. इथेच मोठे नुकसान होते. एमएचटी-सीईटी, नीट, जेईई, केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी, विधी शाखेच्या परीक्षा, या सगळ्यांचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरायचे असतात. मे महिन्यात पेढे वाटताना ती दारे बंद झालेली असतात. वर्गाच्या भिंतीवर एक मोठे वार्षिक वेळापत्रक लावा आणि अर्ज भरण्यासाठी एका कार्यकर्त्याला नेमून द्या.

अकरावीची शाखा निवडतानाही घाई नको. 'सायन्स म्हणजे हुशार' या समजापायी अनेक मुले अकरावीतच खचतात. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. कला शाखेतून पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जाता येते. गणित सोडले तर पुढे कोणती दारे बंद होतात, हेही मुलाला आधी कळले पाहिजे. २०२५-२६ पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया राज्यभर लागू झाली आहे. पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्याने भरायचा नसतो; पालक, मूल आणि आपला कार्यकर्ता यांनी सोबत बसून, बसचे भाडे धरून भरायचा असतो.

पैशाची माहिती

आठवीत एनएमएमएस परीक्षा देऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अकरावीपासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करावा. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनाही ती लागू आहे. लक्षात ठेवण्याची गोष्ट: व्यावसायिक अभ्यासक्रमाला व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. एजंट हे सांगत नाहीत.

नापास झालेल्याच्या घरी आधी जा

दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षाही लगेच असते. अनेक घरांत हे माहीतच नसते. निकालानंतरचे पहिले पंधरा दिवस निर्णायक असतात. तेवढ्यात मुलगा कामाला लागतो किंवा मुलीचे ठरते. म्हणून निकालाच्या दिवशी आपल्या वर्गाची यादी खालून वाचायला घ्यावी. आधी त्या घरी जावे, पुरवणीचा फॉर्म भरून घ्यावा, मग पेढे खायला जावे.

आणि कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून हात काढून घेऊ नये. पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजी व्याख्याने, वसतिगृहातले टोमणे, रखडलेली शिष्यवृत्ती यांनी मुले परत येतात. प्रत्येकामागे आधी शिकून गेलेला एक दादा किंवा ताई असावी. महिन्यातून एक फोन आणि एक भेट एवढे तरी व्हावे.

सुरुवात किती माणसांनी?

पाच माणसे पुरतात: दोन शिकवणारे, एक घरभेटी करणारा, एक कागदपत्रे पाहणारा, एक हिशेब ठेवणारा. सुरुवातीला पंधरा-वीस मुले घ्यावीत. विहार आठवड्याचे सहा दिवस संध्याकाळी बंद असतो; किल्ली कोणाकडे आहे, एवढेच विचारायचे आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीतून मिरवणुकीइतकाच वाटा वर्षभराच्या वर्गाला मिळावा, हा ठराव मंडळाच्या बैठकीत मांडा. वाद होईल. होऊ द्या.

'शिका' हा शब्द आपण रोज उच्चारतो. शिकण्यासाठी जागा, वेळ, सोबत आणि कागद लागतात, आणि हे चारही देणे आपल्या हातात आहे. पुढच्या गुणगौरवाच्या यादीत कोण असेल, हे या वर्षी नववीच्या मुलांसोबत कोण बसते यावर ठरणार आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.