बाप ‘बॉय’ कसा?

आमच्या शेजारच्या चाळीतली एक मुलगी यंदा आठवीला आहे. इंग्रजीच्या तासाला ‘माझे वडील’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. तिने पहिलीच ओळ लिहिली, ‘माय फादर इज अ वॉर्डबॉय.’ बाकावरच्या मैत्रिणीने ती वाचली आणि ती फिदीफिदी हसली. ‘‘बॉय म्हणजे मुलगा. तुझे पप्पा मुलगा कसे गं?’’

पोरीने घरी येऊन तोच प्रश्न वडिलांना विचारला. वडिलांचे वय बावन्न. एका मोठ्या रुग्णालयात अठ्ठावीस वर्षे नोकरी झालेली. जेवता जेवता त्यांनी हसून वेळ मारून नेली. पण रविवारी सकाळी मुलीला घेऊन ते आमच्या दारात उभे. म्हणाले, ‘‘तुम्ही लिहिता-वाचता. हिला जरा समजावून सांगा. खरं म्हणजे मलाही सांगा.’’

आम्ही शब्दकोश काढला. आम्हाला वाटले होते, ‘बॉय’ म्हणजे आधी मुलगा, आणि मग साहेब लोकांनी तो शब्द नोकराला लावला. निघाले उलटेच. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘बॉय’ म्हणजे नोकर, हलक्या दर्जाचा माणूस. ‘लहान मुलगा’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्याचा भाऊ शोभेल असा दुसरा शब्द आहे ‘नेव्ह’. तो आधी मुलगा होता, मग नोकर झाला आणि शेवटी लबाड ठरला! आपला ‘पोऱ्या’ आठवा. हॉटेलातला पोऱ्या म्हटले की पोराचे वय कोण बघतो? पण आपल्याकडे ‘गडी’ही आहे. गडी म्हणजे घरचा नोकर आणि गडी म्हणजे खेळातला सवंगडीही. एकाच शब्दात हुकूमही आणि बरोबरीही.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा हा ‘बॉय’ त्यांच्या बरोबर होताच. इथे त्याला एक जोडीदार भेटला. १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोन इंग्रजांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द त्यात आहेत. त्यात ‘बॉय’चे दोन अर्थ दिले आहेत. एक घरचा नोकर, आणि दुसरा पालखी वाहणारा. हा दुसरा इंग्रजी नव्हेच. दक्षिणेतल्या पालखी वाहणाऱ्या जातीचे नाव ‘बोयी’, म्हणजे आपला भोई. साहेबाच्या कानाला दोन्ही सारखेच. खांद्यावर पालखी घेणारा बाप्याही ‘बॉय’ आणि पंखा ओढणारा म्हाताराही ‘बॉय’.

हे ऐकून मुलीचे वडील म्हणाले, ‘‘आमच्या आज्याला गावात साठी उलटली तरी ‘पोरा’च म्हणत. पाटलाचं दहा वर्षांचं पोरगं ‘अरे कोंड्या’ म्हणून हाक मारायचं.’’ आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही अशाच हाका ऐकलेल्या आहेत. नावापुढे ‘राव’ किंवा ‘बुवा’ लागण्यासाठी नुसते केस पिकून भागत नव्हते. माणसाला मोठे होऊच द्यायचे नाही, याची ती सोपी रीत होती.

ही रीत एकट्या आपल्या गावची नव्हती. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या बागेतला काळा माळी ‘गार्डन बॉय’, आणि खाणीतल्या काळ्या मजुरांचा मुकादम ‘बॉस बॉय’. मुकादम झाला तरी बॉयच! अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण पुढे शंभर वर्षे काळ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणायचे नाही, ‘बॉय’ म्हणायचे, हा शिरस्ता चालला. बायकांनाही तेच. १९६३ साली अलाबामा राज्यातल्या गॅड्सडेन गावी मेरी हॅमिल्टन या काळ्या कार्यकर्तीला सरकारी वकील कोर्टात नुसते ‘मेरी’ म्हणू लागला. तिने सांगितले, ‘मिस हॅमिल्टन’ म्हणाल तरच उत्तर देईन. न्यायाधीशाने तिला तुरुंग आणि दंड सुनावला. ती वरपर्यंत लढली, आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

आमच्या वाचकांत सफाई कामगारांची घरे पुष्कळ आहेत, म्हणून मेम्फिस शहराची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. १ फेब्रुवारी १९६८. पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबायचे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगारांनी काम थांबवले. त्यांना पगारवाढ हवी होती, युनियनला मान्यता हवी होती. पण मोर्चात त्यांनी छातीवर जे फलक लावले त्यांवर पगाराचा आकडा नव्हता. चारच शब्द होते: ‘आय अ‍ॅम अ मॅन’. मी माणूस आहे. जन्मभर ज्यांना ‘बॉय’ म्हटले त्यांनी ‘मॅन’ हा शब्द का निवडला, हे आमच्या शेजाऱ्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी फलकाचे ते चित्र मुलीच्या हातातून घेतले आणि बराच वेळ बघत बसले. याच संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला गेले होते आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घातली गेली. संप १६ एप्रिलला मिटला. युनियनला मान्यता मिळाली.

शब्दाचा वाद मात्र मिटला नाही. त्याच गॅड्सडेन गावच्या एका कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात दोन काळ्या कामगारांची बढती डावलली गेली. गोरा व्यवस्थापक आपल्याला ‘बॉय’ म्हणत असे, असे त्यांनी कोर्टात सांगितले. अपील कोर्ट म्हणाले, नुसत्या ‘बॉय’ने काही सिद्ध होत नाही, पुढे ‘काळा’ म्हटले असते तर गोष्ट वेगळी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे खोडून काढले. शब्द एकटा आला म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. प्रसंग, आवाजाची पट्टी, तिथला रिवाज आणि शब्दाचा इतिहास, सारे बघावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. आम्हाला हे फार पटले. कारण आई ‘माय बॉय’ म्हणून लेकाच्या डोक्यावरून हात फिरवते तोही हाच शब्द. शाळेचे माजी विद्यार्थी सत्तरीतही कौतुकाने ‘ओल्ड बॉइज’ म्हणवून घेतात. पण त्यांना परत जाताना कोणी फरशी पुसायला सांगत नाही.

आता आपल्या घरात बघू. सरकारी कागदावर वॉर्डबॉयला ‘कक्षसेवक’ म्हणतात, पण कागद कपाटातच राहतो. चहा आणणारा पन्नाशीचा गृहस्थ ‘ऑफिस बॉय’. पाठीवर पेटी घेऊन चार जिने चढून येणारा, दोन लेकरांचा बाप ‘डिलिव्हरी बॉय’. कंपन्या त्याला ‘पार्टनर’ म्हणतात, म्हणजे भागीदार. नफ्यात भाग मात्र कुठे दिसत नाही! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याच्यासाठी ‘गिग कामगार’ हा शब्द आला. आणि आपण? मागच्याच आठवड्यात आमच्या घरी पार्सल आले तेव्हा आम्ही दारातून आत ओरडून सांगितले, ‘‘डिलिव्हरी बॉय आलाय, सुट्टे दे.’’ तो समोरच उभा होता. मिशी पिकलेली होती. हे लिहिताना ती मिशी डोळ्यांपुढे येते आहे.

मुलीने वडिलांना विचारले, ‘‘मग हॉस्पिटलात पेशंट तुम्हाला काय हाक मारतात?’’

‘‘मामा म्हणतात. सिस्टरपण मामाच म्हणतात.’’

तिने तिथेच वही उघडून पहिली ओळ खोडली आणि लिहिले, ‘माय फादर वर्क्स इन अ हॉस्पिटल. पेशंट्स कॉल हिम मामा.’ बुधवारी वही तपासून आली. बाईंनी ‘मामा’ शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात लिहिले होते, इंग्रजी शब्द लिहा. पोरगी पुन्हा आमच्याकडे आली आहे, आणि शब्दकोश अजून टेबलावर उघडाच पडला आहे.