पाकोळी

दिवेलागणीची वेळ होते. पक्ष्यांचा किलबिलाट थांबतो न थांबतो, तोच जुन्या कौलारू घराच्या वळचणीतून काळसर असे काहीतरी फडफडत बाहेर पडते व अंगणावर गिरक्या घेऊ लागते. ती पाकोळी होय. हे नाव कोठे कोठे एका पक्ष्यालाही देतात. परंतु ही पाकोळी पक्षी नसून लहानशा जातीचे वटवाघूळ आहे. वडापिंपळावर लटकणारी मोठी वटवाघळे फळे खातात. हिचे अन्न मात्र डास, माश्या, पतंग, पंख फुटलेली वाळवी असे कीटक.

हिचे वजन सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही कमी! हिला पिसे नसतात. लांब बोटांमध्ये ताणलेले पातळ कातडे हेच हिचे पंख. पिले आईच्या दुधावर वाढतात.

काळोखात पाकोळी कशावर आदळत नाही, हे कसे? इटलीतील स्पालान्झानी या शास्त्रज्ञाला १७९३ साली असे आढळले की, डोळे गेलेले वटवाघूळही अडथळे चुकवून उडते. पुढे ज्युरिन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा मात्र ती धडकू लागली. पण ऐकण्यासारखा आवाज होता कोठे? या प्रश्नाने सगळ्यांनाच कोड्यात टाकले. अखेर १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने आपली वटवाघळे सूक्ष्म ध्वनी टिपणाऱ्या यंत्रापुढे नेली आणि ते मुके वाटणारे प्राणी सारखे ओरडत असल्याचे उघड झाले! सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही; पाकोळीची हाक ४०,००० कंपनांच्याही वर असते. ती हाक कीटकावर आपटून परत येते आणि त्या प्रतिध्वनीवरून पाकोळीला भक्ष्याची जागा कळते. भक्ष्य जवळ येताच हाका सेकंदाला १०० हून अधिक होतात. मग पंखाच्या किंवा शेपटीच्या पडद्याची झोळी करून ती कीटक झेलते.

पाकोळी केसांत अडकते, या खुळ्या समजुतीने लोक कुंचा घेऊन तिच्यामागे धावतात. वास्तविक दिवा मालवून खिडक्या उघड्या ठेवल्या की ती आपणच निघून जाते. खाली पडलेली पाकोळी मात्र उघड्या हाताने उचलू नये. घाबरून ती चावते व त्या चाव्याने रोग होऊ शकतो.

आता कौले जाऊन सिमेंटची छपरे आली व पाकोळीच्या पुष्कळ फटी बुजल्या. जुन्या भिंतींच्या भेगांत आणि झाडांच्या ढोलींत ती अजून राहते.