आवाज अडवणारे सरी-वरंबे

रान नांगरल्याने विमानाचा आवाज कमी होतो, असे कुणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण हॉलंडात नेमके हेच घडले आहे.

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाने २००३ साली नवी धावपट्टी सुरू केली. विमाने दाट वस्तीवरून जाऊ नयेत म्हणून ती मुद्दाम दूर, शेतांच्या बाजूला नेली. शहराला आराम पडला, पण होफडॉर्प गावची झोप उडाली. हा आवाज डोक्यावरचा नव्हे बरे का! विमान उड्डाणासाठी धावू लागले, की मागे जमिनीलगत घरघर पसरते. खिडक्या लावून ती थांबत नाही. का? कर्कश शिट्टीची लाट वीतभरसुद्धा नसते. या घरघरीची एकेक लाट सुमारे ११ मीटर, म्हणजे बैल जुंपलेल्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात एवढी. तिच्यापुढे घराची भिंत ती काय!

मग लोकांच्या ध्यानात आले, की पीक निघून रान नांगरले की आवाज उणावतो. नांगराच्या तासांवर आपटून लाटा विखुरतात, वर फेकल्या जातात. हेच सूत्र धरून तेथे २०१३ साली सुमारे दीडशे मोठाले वरंबे घातले, तेही लाटेच्या मापाने, ११ मीटरांवर एक. आखणी पॉल द कॉर्ट या कलावंताची. त्यामुळे मधून पायवाटा आहेत, बसाया-खेळायलाही जागा आहे.

आवाज पुरता गेला, असे मात्र समजू नका. डेसिबेलचे माप मोठे फसवे. तीन डेसिबेल घटले म्हणजे आवाजाची शक्ती निम्मी झाली, पण कानाला फरक जेमतेमच कळतो. रात्री विमाने किती उडावीत, हा तंटा तेथे अजून मिटलेला नाही.