रेती, भराव आणि भरतीची वाट

कल्याणपाशी उल्हास नदीची खाडी होते. डोंबिवली, दिवा, मुंब्रा मागे टाकून ती वसईकडे जाते आणि ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा ठाणे खाडीला मिळतो. या पट्ट्यात दिवसातून दोनदा भरती येते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात शेवाळ, किडे, शिंपल्या, निवट्या आणि चिंबोऱ्या असतात. त्यांवर मासे आणि पक्षी पोसतात, तर काठच्या कांदळवनात कोल्हेही राहतात. रेतीचा उपसा आणि जमिनीसाठी टाकलेला भराव हे दोन्ही या चिखलावरच घाव घालतात. त्यामुळे इथल्या वन्यजीवांचे रक्षण भरतीच्या पाण्याची वाट राखण्यापासून सुरू होते.

पूर्वी खाडीतली रेती हातपाटीने निघे. माणूस बुडी मारून पाटी भरी आणि ती होडीत रिकामी होई. त्याचा दम हीच उपशाची मर्यादा होती. सक्शन पंपाने ती मर्यादा मोडली. पंप रेतीबरोबर तळातला गाळ आणि त्यातले जीवही ओढतो. पाणी गढूळ होते, माशांची अंडी गाळाखाली दबतात. तळ खोल गेला की काठाची माती सुटते आणि तिवरे मुळांसकट खाडीत कोसळतात. कुऱ्हाड न लावताच कांदळवन जाते, म्हणून केवळ वृक्षतोडीवर नजर ठेवून भागत नाही. काठ किती सरकला हे मोजावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. हा निकाल महत्त्वाचा, कारण लहान पट्टे सुटे सुटे पाहिले तर निरुपद्रवी वाटतात, पण नदीवर त्यांचा भार एकत्रच पडतो. सक्शन पंपाने रेती काढण्यास बंदी आहे. महसूल खात्याची पथके कल्याण-मुंब्रा खाडीत असे पंप आणि बार्ज पकडून नष्ट करतात, तरी चोरटा उपसा संपलेला नाही.

भरावाची रीत वेगळी आहे. डंपरमधून राडारोडा टाकला की प्रथम पाण्याचा नाला बुजतो. भरावापलीकडची तिवरे भरतीविना वाळतात आणि मग ती जागा पडीक म्हणून दाखवता येते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, त्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले आणि नष्ट झालेले कांदळवन पुन्हा उभे करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. त्याआधी, २०१५ मध्ये, ठाणे खाडीचे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले होते. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

बांधकाम टाळताच येत नसेल तर त्याची जागा किंवा पद्धत बदलता येते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ठाणे खाडीखालून सुमारे सात किलोमीटरच्या बोगद्यातून नेण्याचे ठरले, त्यामागे अभयारण्य वाचवणे हे एक कारण होते. खर्च वाढतो, पण चिखल शाबूत राहतो.

शिळफाटा आणि पारसिकच्या डोंगरातील दगडखाणींचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिथे वरची माती आधीच बाजूला साठवून नंतर उतारावर पसरली, पळस, करंज, बहावा अशी इथलीच झाडे लावली, तर रान परत येऊ शकते. मात्र प्रत्येक कडा सपाट करणे चुकीचे आहे. जुन्या खाणींच्या कपारीत शृंगी घुबडे घरटी करतात. इंग्लंडमध्ये पाकोळ्या खाणीच्या मातीच्या कड्यात बिळे करतात, तेव्हा विणीच्या काळात त्या कड्यावरचे काम थांबवण्याची पद्धत आहे.

खाडीकाठी बिघडलेली जागा सुधारताना मात्र रोपे लावण्याची घाई नडते. आधी राडारोडा उचलावा, बुजलेले नाले उघडावेत आणि भरती आत येऊ द्यावी. जवळपास जुनी झाडे असतील तर त्यांच्या बिया पाण्याबरोबर येऊन स्वतः रुजतात. आणि जिथे मुळात उघडा चिखल होता, तिथे तिवरे लावूच नयेत. झाडांची संख्या वाढते खरी, पण रोहित, तुतवार आणि शेकाटे यांची चरण्याची जागा जाते. म्हणूनच कामाची पाहणी करताना जगलेल्या रोपांच्या मोजणीइतकीच चिखलातल्या किड्यांची आणि हिवाळी पक्ष्यांची मोजणीही काही वर्षे सलग व्हायला हवी.